दोन टनांचा जॅक आणि 97 मिलिमीटरची फट: मुलुंडमधल्या एका क्रूझरचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेला आमची सात मजल्यांची सोसायटी आहे. इमारतीखाली खांबांमधलं पार्किंग, तिथे कोबा. बाहेरच्या मोकळ्या आवारात पेव्हर ब्लॉक. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका तरुणाचं हे प्रकरण आहे. त्याला इथे निखिल म्हणू. नाव बदललं आहे आणि गाडीचं मॉडेलही सांगत नाही, कारण अडचण त्या एका मॉडेलची नव्हती. मी बसच्या डेपोत फिटर होतो, आता निवृत्त आहे. या प्रकरणातल्या एका चुकीच्या आणि एका बरोबर निर्णयात माझा वाटा आहे, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारीही माझीच.

गाडी म्हणजे 650 सीसीची क्रूझर मोटरसायकल, सेकंडहँड घेतलेली, वजन इंधनासकट 225 किलो. निखिल रोज ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडला लागून पवईवरून सीप्झला जातो. जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर. चेनला साधारण 500 किलोमीटरला तेल लागतं, म्हणजे दर पंधरवड्याला. जून ते सप्टेंबर तर त्याहून लवकर, कारण रस्त्यावरची रेती आणि पाणी मिळून चेनवर जो लगदा बसतो तो तसाच ठेवला तर स्प्रॉकेटचे दाते खातो.

स्प्लेंडरसारख्या गाडीला हा प्रश्न येत नाही. डबल स्टँडवर घेतली, चाक हाताने फिरवलं, काम झालं. या क्रूझरला डबल स्टँडच नाही. निखिल आणि त्याची बायको मिळून एक पद्धत चालवत होते: ती चेनवर स्प्रे मारणार, तो गाडी हातभर पुढे ढकलणार, पुन्हा स्प्रे. पूर्ण चेन व्हायला गाडी पार्किंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायची. सव्वादोनशे किलो ढकलून त्याची कंबर धरली, आणि चेनची आतली बाजू कधी नीट साफ झालीच नाही.

अडचण

एका संध्याकाळी लिफ्टमध्ये निखिलने विचारलं, "काका, घरी ठेवायला ट्रॉली जॅक घेतोय. दोन टनांचा चालेल ना?"

मी म्हणालो, "चालेल की. तुझ्या गाडीचं वजन किती असणार!"

तिसरा मजला आला, तो उतरला. सगळं संभाषण एवढंच. त्या वेळी मी त्याला एकच प्रश्न विचारायला हवा होता: गाडीखाली जागा किती आहे? मी विचारला नाही. डेपोत माझं आयुष्य गेलं ते बसखाली, आणि बसखाली जॅक शिरतो की नाही हा प्रश्न सहसा पडत नाही. तिथे टनच बघायचे असतात. माझ्या अनुभवातलं माप मी त्याच्या गाडीला लावलं.

दोन टन म्हणजे 2000 किलो. गाडीच्या वजनाच्या जवळजवळ नऊपट. या आकड्याने दोघांनाही निश्चिंत केलं. पण त्या जॅकची सर्वांत खालची उंची, म्हणजे वाटी (गाडीला खालून टेकणारा जॅकचा माथा) पूर्ण खाली असताना जमिनीपासूनची उंची, 135 मिलिमीटर होती. ती खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली होती.

गाडीच्या पुस्तकात ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर, 130 मिलिमीटर दिलेला. तुलनेसाठी सांगतो: स्प्लेंडर प्लसचा 165, क्लासिक 350 चा 170, सुपर मीटिऑर 650 या क्रूझरचा 135. म्हणजे कागदावरसुद्धा हा जॅक या गाडीखाली शिरणारा नव्हता. त्यात आधीच्या मालकाने मागे आखूड शॉकअप बसवलेले होते. त्यामुळे गाडी पुस्तकातल्या आकड्यापेक्षाही खाली बसलेली होती.

जॅक घरी आला तेव्हा निखिलने तो परत करायला हवा होता. त्याने फळ्या आणल्या.

पहिला प्रयत्न

रविवारची सकाळ होती. गाडी बाहेर पेव्हर ब्लॉकवर उभी. दोन्ही चाकांखाली आणि साईड स्टँडखाली दोन-दोन सुट्या फळ्या रचून त्याने गाडी सुमारे 40 मिलिमीटर वर घेतली. जॅक कसाबसा आत सरकला. डावीकडे साईड स्टँड आडवा येतो म्हणून उजवीकडून सरकवला. वॉचमन म्हणाला होता, "साहेब, आत खांबांत घ्या, इथे ब्लॉक हलतात." ते ऐकलं गेलं नाही, कारण आत उजेड कमी होता.

त्यापुढे जे झालं त्याची कारणं मी नंतर जागेवर बसून एकेक करून तपासली. ती समजून घेण्यासारखी आहेत.

ट्रॉली जॅकची वाटी सरळ वर जात नाही. तिचा दांडा मागच्या बिजागरीवर फिरतो, त्यामुळे वाटी कमानीत वर चढते आणि चढताना दांडीकडे, म्हणजे पंप करणाऱ्याकडे सरकते. गुळगुळीत जमिनीवर जॅक स्वतःच्या चाकांवर तेवढाच पुढे घरंगळतो आणि हा फरक भरून निघतो. पेव्हर ब्लॉकवर त्याची छोटी लोखंडी चाकं दोन ब्लॉकांमधल्या सांध्यात अडकली. जॅक जागचा हलला नाही, म्हणून वाटीने गाडीला ओढलं, उजवीकडे. साईड स्टँडच्या विरुद्ध बाजूला.

दुसरं कारण वाटीच्या आकाराचं. वाटी 100 मिलिमीटर व्यासाची. गाडीच्या चॅसिसचे खालचे दोन पाईप एकमेकांपासून 220 मिलिमीटरवर. म्हणजे वाटी दोन्ही पाईपांच्या मधोमध गेली आणि टेकली ती सायलेन्सरच्या जोडावर. चारचाकीला हा जॅक एका कोपऱ्यात लावतात, बाकीची तीन चाकं जमिनीवर असतात. मोटरसायकलला तसा आधार नसतो. साईड स्टँड फळीवरून सुटला त्या क्षणी सगळी गाडी बशीएवढ्या जागेवर तोलली गेली होती.

गाडी उजवीकडे पडली. ब्रेकचा लिव्हर तुटला, सायलेन्सरचा जोड चेपला, हँडलचं टोक कुंपणाच्या भिंतीवर आदळलं. निखिल गुडघ्यावर बसून पंप मारत होता. आवाज ऐकून तो मागे उडाला म्हणून पाय वाचला. त्याची पाच वर्षांची मुलगी चार पावलांवर पायरीवर बसून बघत होती. तिला काही झालं नाही. मी खाली आलो तेव्हा ती रडत होती आणि निखिल तिला घेऊन नुसता उभा होता. लिफ्टमधलं माझं "चालेल की" मला तेव्हा आठवलं.

मोजमाप

गाडी दुरुस्त होऊन आल्यावर मी त्याला म्हणालो, "आता आठ दिवस काही विकत घ्यायचं नाही. आधी मोजू." मीटर टेप, पुठ्ठ्याचे तुकडे आणि टॉर्च घेऊन आम्ही दोघं कोब्यावर आडवे झालो. टायरमध्ये हवा बरोबर भरून घेतली होती, कारण हवा कमी असली की गाडी आणखी खाली बसते.

गाडी सरळ धरली असताना चॅसिसच्या पाईपांखाली 118 मिलिमीटर मिळाले. मधला सायलेन्सरचा जोड त्याहूनही खाली, 112 वर. पुस्तकातले 130 कुठेच नव्हते.

खरा धक्का पुढे होता. गाडी साईड स्टँडवर ठेवली आणि पुन्हा मोजलं. गाडी डावीकडे कलते, तेव्हा डावा पाईप खाली जातो आणि उजवा वर येतो. डाव्या पाईपाखाली फक्त 97 मिलिमीटर उरले, उजव्याखाली 139. पहिल्या दिवशी निखिलने जॅक नुसता उजव्या बाजूने टेकवून पाहिला होता आणि "थोडंच कमी पडतंय" असं त्याला वाटलं होतं, ते या 139 मुळे. प्रत्यक्षात गाडी उभी असते त्या अवस्थेत तिच्याखाली शिरण्याची फट 97 ची होती. जॅक निवडायचा तो या आकड्यावर. सरळ धरून मोजलेलं माप घेतलं तर जॅक शिरवताना दर वेळी एका माणसाने सव्वादोनशे किलो सरळ धरून ठेवायचे, आणि तेही दुसरा माणूस खाली हात घालून बसलेला असताना.

हे चारही आकडे मी खडूने खांबावर लिहिले.

पर्याय

सर्व्हिस सेंटरवर सोडून द्यावं, हा पहिला विचार घरच्यांचा होता आणि तो चुकीचा नव्हता. पण पंधरा दिवसांतून एकदा चेनसाठी अर्धी रजा टाकणं जमणारं नव्हतं.

पॅडॉक स्टँडचा विचार आम्ही बराच वेळ केला. मागचा चिमटा म्हणजे स्विंगआर्म खालून पकडून मागचं चाक उचलणारा हा स्टँड. गाडीखालच्या उंचीशी त्याला देणंघेणं नाही, स्वस्त आहे, हलका आहे. स्पोर्ट बाईकच्या चिमट्याला बॉबिन, म्हणजे स्टँड अडकवायच्या खुंट्या, बसवायला आटे दिलेले असतात. या गाडीला ते नाहीत. रबरी खोबणीचा स्टँड चिमट्याखाली लावून पाहायला एका ओळखीच्याकडून आणला. डावी बाजू नीट बसली. उजवीकडे सायलेन्सर चिमट्याला इतका चिकटून जातो की खोबण तिरकी टेकत होती. तिरक्या टेकूवर गाडी उचलायची नाही, एवढं मी शिकलेलो आहे. पर्याय संपला.

तेव्हा आम्ही नागदेवी स्ट्रीटला गेलो. मुंबईत हत्यारं, बेअरिंग, जॅक, पुली यांतलं काहीही बघायचं असेल तर नागदेवी आणि शेजारचा नारायण धुरू स्ट्रीट. फोटो बघून ठरवण्यापेक्षा वस्तू हातात घेऊन टेप लावता येते. स्लो लोकलने मस्जिदला उतरलो. निखिलच्या खिशात खांबावरच्या आकड्यांची चिठ्ठी होती.

तिथे तीन प्रकार पाहिले.

कमी उंचीचा ट्रॉली जॅक: खालची उंची 80 मिलिमीटर. आकड्यात चपखल बसणारा. पण वजन तीसेक किलो, लांबी जवळजवळ दोन फूट, आणि वाटी तशीच छोटी. वाटीवर आडवी लाकडी पट्टी बसवून दोन्ही पाईपांना आधार देता आला असता. कमानीत चढण्याचा गुणधर्म मात्र तोच. स्वतःचं गॅरेज आणि गुळगुळीत जमीन असती तर मी हाच घ्यायला सांगितला असता. वन बीएचकेमध्ये तो ठेवायचा कुठे?

मोटरसायकलसाठीचा दोन हातांचा हायड्रॉलिक जॅक: पायाने पंप करायचा, दोन लांब रबरी हात दोन्ही पाईपांखाली जातात, वर गेल्यावर लोखंडी खटका लागतो. काम उत्तम. दुकानातल्या नगाची खालची उंची टेपने 115 भरली. आम्हाला 97 च्या खाली हवी होती.

मोटरसायकलचा कात्री जॅक: रुंद पाटा, खाली कात्रीसारखे दुमडणारे हात, मधून आट्यांचा दांडा. पान्याने फिरवला की पाटा सरळ वर जातो, इकडे-तिकडे सरकत नाही. खालची उंची 93, क्षमता 500 किलो, वजन बारा-तेरा किलो. चारचाकीच्या डिकीत असतो तो कात्री जॅक वेगळा. त्याचं डोकं अरुंद असतं, तो इथे चालत नाही.

निखिल क्षमतेवर अडखळला. "काका, दोन टनांवरून एकदम पाचशे किलो?" पडलेल्या गाडीनंतर त्याचं घाबरणं समजण्यासारखं होतं. मी त्याला सांगितलं, गाडी 225 ची, पाचशे म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय पहिल्या वेळी जॅक मोडला नव्हता, त्याच्या ताकदीचा काही दोषच नव्हता. चुकली होती उंची, टेकण्याची जागा आणि जमीन.

माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. हायड्रॉलिक जॅक तेलावर उभा असतो. सील झिजलं की तो हळूहळू खाली बसतो, कधी एकदम. डेपोत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं: जॅक उचलतो, घोडी (उचललेल्या गाडीखाली लावायचा पक्का टेकू) धरते. बस उचलली की घोडी लावल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही. इतक्या बुटक्या गाडीखाली जॅकच्या शेजारी घोडी लावायलाही जागा नाही. कात्री जॅकचे आटे वजनाने उलटे फिरत नाहीत, जिथे थांबवाल तिथे थांबतात. घोडी लावता येत नसेल तर निदान धरून ठेवणारा जॅक तरी हवा, या विचाराने मी कात्रीकडे झुकलो.

काय केलं

जॅक लोकलमधूनच घरी आणला. पण 93 आणि 97 मध्ये चार मिलिमीटरचीच फट, आणि पाटा सपाट असल्यामुळे तो पाईपांच्या आधी सायलेन्सरच्या जोडाला टेकणार, कारण जोड पाईपांपेक्षा सहा मिलिमीटर खाली. म्हणून पाट्याच्या दोन्ही टोकांना 12 मिलिमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्या स्क्रूने बसवल्या. आता वजन पाईपांवर येतं आणि जोड सहा मिलिमीटर मोकळा राहतो. मात्र जॅकची उंची 93 ची 105 झाली, म्हणजे 97 च्या फटीत पुन्हा शिरेना.

इथे दोन मार्ग होते. साईड स्टँडखाली लाकडी ठोकळा ठेवून गाडी थोडी सरळ करायची, हा सोपा उपाय. करून पाहिला. 20 मिलिमीटरच्या ठोकळ्याने डावा पाईप सात-आठ मिलिमीटरच वर आला, 104–105 पर्यंत. ठोकळा आणखी जाड केला तर गाडी इतकी सरळ होते की धक्का लागून उजवीकडे जाईल. तो मार्ग सोडला.

दुसरा मार्ग म्हणजे पुन्हा फळ्या. निखिलचा चेहरा पडला. पण फळीचा दोष नव्हता, ती सुटी आणि रचलेली असण्याचा होता. आम्ही 18 मिलिमीटरच्या मरीन प्लायचे एकसंध तुकडे कापून घेतले: दोन्ही चाकांना एकेक हातभर रुंद, साईड स्टँडला छोटा. चाकाच्या तुकड्यांना पुढे-मागे पट्ट्या मारल्या म्हणजे चाक घरंगळणार नाही. गाडी सगळीकडून 18 ने वर आली. डावा पाईप 115 वर, जॅक 105. वर दहा मिलिमीटर मोकळे, हात न चेमटता जॅक सरकतो.

जागाही बदलली. पेव्हर ब्लॉक बंद. पार्किंगमध्ये पंपरूमजवळचा कोबा सपाट आहे आणि तिथे दोन्ही बाजूंना खांब आहेत. सोसायटीत पार्किंगमध्ये दुरुस्ती करायला मनाई आहे. निखिल आधी गुपचूप उरकू म्हणत होता. मी त्याला सेक्रेटरींकडे घेऊन गेलो. पडलेली गाडी सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे बोलणं थोडं कठीण गेलं. शेवटी रविवारी सकाळी नऊ ते अकरा, खाली प्लास्टिक अंथरून आणि लहान मुलांना दूर ठेवून, अशी परवानगी मिळाली. शेवटची अट निखिलने स्वतः घातली.

जॅक नेमका कुठे लावायचा हे शोधायला एक सकाळ गेली. गाडीच्या तोलाच्या बिंदूच्या किंचित मागे लावला की पुढचं चाक जमिनीवर राहतं आणि मागचं सुटतं. आम्हाला तेच हवं होतं. जॅक दहा मिलिमीटर उचलायचा, गाडी हलवून बघायची, उतरवायचा, दोन बोटं सरकवायचा. चौथ्या-पाचव्या वेळी जागा सापडली. तिथे पाईपावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली.

क्रम असा बसला: गाडी न्यूट्रलमध्ये, पुढचा ब्रेक सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधलेला, हँडलखालच्या घट्ट भागातून दोन रॅचेट पट्टे दोन खांबांना, सैलसर. जॅक फिरवायला लागलं की आधी डावा पाईप टेकतो, गाडी हळूहळू सरळ होते, मग उजवा टेकतो. हा सरळ होण्याचा काळ सगळ्यांत नाजूक. तेव्हा दुसऱ्या माणसाने हँडल आणि मागचा दांडा धरलेला हवाच. दोन्ही पाईप टेकले की पट्टे आवळायचे, मग मागचं चाक बोटभर उचलायचं. त्याहून जास्त उंची चेनसाठी लागत नाही. चाक फिरवायचं ते हातानेच. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे मी पाहिले आहेत. डेपोतल्या एका सहकाऱ्याची दोन बोटं अशीच गेली.

निष्पत्ती

पहिल्यांदा चेन पूर्ण साफ झाली तेव्हा आतल्या बाजूने निघालेला काळा थर बघून निखिल गप्पच झाला. आता पंधरवड्याला पाऊण तास लागतो, त्यातला निम्मा मांडामांडीचा. वर्षभरात गाडी जॅकवरून एकदाही हललेली नाही. कंबरेचं दुखणं थांबलं.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच पावसाळ्यात जॅकच्या आट्यांना गंज धरला आणि ऑगस्टमध्ये तो मध्येच आवळून बसला. आता मेमध्ये आणि पाऊस संपल्यावर ग्रीस भरतो. सागवानाच्या पट्ट्या तेल पिऊन गुळगुळीत झाल्या होत्या, त्यांवर जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचं रबर चिकटवलं. ते तीन मिलिमीटरचं आहे, म्हणून फट दहाची सात झाली. ती मी पुन्हा मोजून खांबावर लिहिली. मागचं चाक पूर्ण काढण्याचं काम मात्र आम्ही घरी करत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

लिफ्टमध्ये मी प्रश्न विचारायला हवा होता, हे वर आलंच आहे. कुणी सल्ला मागितला आणि आपल्याला त्या विषयातलं कळतं असं वाटलं की आपण पटकन उत्तर देतो. त्या दिवशी "गाडी दाखव" एवढं म्हणायला मला दोन मजले पुरले असते.

निखिलच्या बाजूने पाहिलं तर जॅक शिरत नाही हे कळलं ती वेळ थांबण्याची होती. वस्तू आणून झाली की ती कशीही वापरात आणायची ओढ लागते. वॉचमनने जागेबद्दल सांगितलं तेव्हा थांबण्याची दुसरी संधी होती.

एक पर्याय आम्ही फार उशिरा विचारात घेतला: मूळ लांबीचे शॉकअप पुन्हा बसवणं. तसं केलं असतं तर गाडी पुस्तकातल्या उंचीच्या जवळ आली असती आणि दोन हातांचा, खटक्याचा जॅक कदाचित बसला असता. खड्ड्यांत सायलेन्सर घासणंही कमी झालं असतं. निखिलची उंची बेताची आहे, सिग्नलला दोन्ही पाय टेकणं त्याला महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्याने नको म्हटलं. त्याचं कारण मला पटतं. तरी जॅक घेण्याआधी या प्रश्नावर बसून बोलायला हवं होतं, कारण गाडीची उंची ठरल्याशिवाय जॅकची उंची ठरत नाही.

सध्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बारीक आवाज करतंय. त्यासाठी पुढचं चाक उचलावं लागेल, म्हणजे जॅक पांढऱ्या रेघेच्या पुढे न्यायचा, मागच्या चाकाला दोन्हीकडून पाचर मारायची आणि गाडी गिअरमध्ये ठेवायची. पुढच्या ब्रेकला बांधायची ट्यूब तिथे उपयोगाची नाही, आणि हँडलला बांधलेले पट्टेही मागे न्यावे लागतील. सायलेन्सरचा पाईप तिथे किती खाली येतो हे अजून मोजलेलं नाही. येत्या रविवारी टेप घेऊन मोजणार आहोत.